माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय!

"अगं, नानांची वही उघडत नाहीये."

आत्याचा फोन. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मी अर्धवट झोपेत. "बघते गं" म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा पांघरूण ओढलं. रात्री नऊला आठवण झाली तेव्हा लॅपटॉप उघडून पाहिलं, तर वही झटकन उघडली. आत्याला कळवून टाकलं, "आत्या, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय. तुझं नेट स्लो असेल."

हे वाक्य मी पुढचे तीन आठवडे म्हणत होते. आज हे टंकायला बसले आहे ते त्या वाक्याचं प्रायश्चित्त म्हणून.

नेहमीच्या वाचकांना नाना ठाऊक आहेत, नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. नाना म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. सांगलीत शाळेत गणित शिकवायचे. रोज रात्री जेवण झालं की रोजनिशी लिहायची, बरोब्बर एक पान. हवा कशी होती, घरी कोण आलं-गेलं, हळदीचा भाव काय, आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं ते, वेळेसकट. अशा ४१ वह्या. २०१७ च्या दिवाळीत मी आणि चुलतभावाने मिळून त्या सगळ्या स्कॅन केल्या. तेव्हा घरातल्या निम्म्या लोकांनी आम्हाला रिकामटेकडे म्हणून घेतलं होतं. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटातल्या वह्यांचा लगदा झाला. म्हणजे आज नानांचं अक्षर कुठे शिल्लक असेल तर ते फक्त त्या स्कॅनमध्ये.

हे स्कॅन मी एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवले आहेत. सगळ्या नातेवाइकांना पासवर्ड दिला आहे. कोणी कधीतरी डोकावतं, पण आत्या रोज. वय ७९. पहाटे पाचला उठते, चहा करते आणि साडेपाचच्या सुमाराला टॅब्लेटवर आजच्या तारखेचं एखाद्या जुन्या वर्षातलं पान उघडते. एक पान वाचते, टॅब्लेट मिटते, मग देवपूजा. तिच्या भाषेत सांगायचं तर "नानांशी बोलून घेते".

तर ते पान उघडेना. म्हणजे अगदीच उघडत नव्हतं असं नाही. पांढरा पडदा, गोल फिरणारं चक्र, अर्धं मिनिट, कधी एक मिनिट, मग अर्धं चित्र. मी म्हणत राहिले की तुझं नेट. चुलतभावाने बिचाऱ्याने तिचा राउटर बदलला, मग कंपनी बदलली. काही फरक नाही. एके दिवशी आत्याचे फोन बंद झाले आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. सुटला प्रश्न!

महिन्याभराने वहिनीशी बोलताना सहज विषय निघाला. ती म्हणाली, "आई आता नाही वाचत. म्हणतात, वय झालं, हे कॉम्प्युटरचं आता मला जमत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. जी बाई वयाच्या सत्तरीत टॅब्लेट शिकली, तिला मी तीन आठवड्यांत पटवून दिलं होतं की चूक तिची आहे. आणि पटवायला काय केलं, तर एक वाक्य म्हटलं. माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय.

झोप नव्हतीच, म्हणून पहाटे पाचला उठून बसले. चहा केला. साडेपाचला आत्यासारखं पान उघडलं. आणि काय! पांढरा पडदा, गोल चक्र. घरात उत्तम नेट, नवा लॅपटॉप, आणि तरी चक्र आपलं फिरतंय. म्हणजे इतके दिवस आत्या पाहत होती पहाटे साडेपाचला आणि मी तपासत होते रात्री नऊला. तिच्या वेळेला तिच्या जागी बसून एकदा पाहावं एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, हे कृपया कोणी माझ्या साहेबांना सांगू नये. :)

आता थोडं तांत्रिक. नातेवाईक मंडळींनो, पळू नका, नळाच्या पाण्याचं उदाहरण घेऊन सांगते.

माझा सर्व्हर म्हणजे अख्खं मशीन नव्हे. एका मोठ्या मशीनचे सॉफ्टवेअरने पाडलेले वीस-तीस भाग असतात, त्यातला एक मी भाड्याने घेतला आहे. याला आभासी सर्व्हर म्हणतात. कल्पना नवी नाही, एकाच मोठ्या यंत्राची अनेक आभासी यंत्रं करून देणारी आयबीएमची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ ची आहे. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखंच हे. माझ्या खोलीला माझं कुलूप, माझी चूल. पण नळ? नळ चौकात एकच. इथे तो नळ म्हणजे डिस्क. प्रोसेसर आणि मेमरी यांची वाटणी बऱ्यापैकी नीट करता येते, पण डिस्कपाशी सगळे एका रांगेत येतात.

त्यातून माझा प्लॅन स्वस्तातला. जागा भरपूर हवी होती म्हणून एसएसडी नसलेला, जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवरचा घेतला होता. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवा तो तुकडा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय डोकं त्या जागी सरकवायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे इकडचा एक तिकडचा एक असे तुकडे मागितले तर एक डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० तुकडे देते. बस. अशा आठ-दहा डिस्क एकत्र बांधल्या तरी आकडा हजाराच्या आतबाहेरच राहतो आणि तो वीस-तीस बिऱ्हाडांत वाटायचा. एसएसडीत हाच आकडा हजारोंनी असतो, पण वाटणी तिथेही चुकत नाही.

डिस्क किती नाजूक असते याची एक गंमत सांगते. २००८ च्या अगदी शेवटी सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनियरचा एक व्हिडिओ आला होता. त्यात तो डिस्कच्या रॅकसमोर उभा राहून नरड्याच्या शिरा ताणून ओरडतो आणि त्या धक्क्याने डिस्कना उत्तर द्यायला लागणारा वेळ आलेखावर टणकन उडी मारतो! शेजाऱ्याचा आवाज बाधतो म्हणतात तो असा अक्षरशः.

असो. तर पहाटे साडेपाचला सर्व्हरवर शिरले आणि 'टॉप' चालवलं. लोड १४! प्रोसेसर मात्र जवळजवळ निवांत. इथे अनेक जण फसतात. लिनक्समध्ये लोडच्या आकड्यात नुसतं काम करणारेच नाही, तर डिस्कची वाट बघत ताटकळणारेही मोजले जातात. त्यामुळे लोड १४ पाहून लोक प्रोसेसर वाढवून घेतात. म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून घरात आणखी चार बादल्या आणायच्या! पाहायचा असतो तो 'डब्ल्यूए'चा आकडा, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ. तो ऐंशीच्या पुढे होता. शेजारचा 'एसटी', म्हणजे आपल्या वाटचा प्रोसेसर दुसऱ्याने नेला तो वेळ, किरकोळ होता. निदान तेवढं तरी कळलं, घोळ डिस्कचाच आहे.

आणि त्याच क्षणी मला दोषी सापडला. शेजारी! माझ्या मशीनवर कोणीतरी हावरट बिऱ्हाडकरू आहे आणि तो सगळं पाणी ओढतोय. पुरावा शून्य, पण खात्री शंभर टक्के. लगेच कंपनीला कडक पत्र. दोन तासांत उत्तर आलं, "आमच्या बाजूने सर्व ठीक आहे. कृपया सर्व्हर रीबूट करून पाहावा."

वाचून जी चिडचिड झाली ती झाली, पण मग हसूही आलं. कारण हे तर माझंच वाक्य होतं! जरा सभ्य मराठीत, इतकंच. मी आत्याला म्हणत होते, कंपनी मला म्हणत होती. आत्या स्वतःला दोष देत होती, मी आत्याच्या नेटला, कंपनी माझ्या सर्व्हरला आणि मी शेजाऱ्याला. चार जण, चार बोटं, आणि मोजलं कोणीच काही नव्हतं.

मग ठरवलं, आता नानांची पद्धत. पूर आला की घाटावर दरवर्षी तीच चर्चा व्हायची, "पाणी वाढलं", "छे, उतरलं". नाना दोघांच्याही नादी लागत नसत. पायरी मोजायचे, घड्याळ बघायचे, लिहून ठेवायचे. तासाने पुन्हा जायचे.

पहिली मोजणी फसली, तीही सांगते. डिस्कचा वेग पाहायला लोक सर्रास 'डीडी' वापरतात, मीही वापरली. उत्तर आलं सेकंदाला १.१ जीबी. हार्ड डिस्कचा हा वेग असूच शकत नाही. झालं असं होतं की लिहिलेलं सगळं मेमरीत साठत होतं आणि यंत्रणा मला "झालं, झालं" म्हणत होती. डिस्कवर खरोखर पोचेपर्यंत थांब असा पर्याय द्यावा लागतो, तो दिल्यावर आकडा कोसळला. शिवाय अशी धबाधबा लिहिणारी चाचणी आपणच गर्दी वाढवते. त्यापेक्षा 'आयोपिंग' बरं. ते डिस्कच्या दाराची कडी हलकेच वाजवतं आणि आतून "ओ" यायला किती वेळ लागला तेवढंच सांगतं.

दर मिनिटाला एकदा आयोपिंग, उत्तर वेळेसकट एका फाइलीत. चार दिवस हे चालू ठेवलं. रात्री नऊला एका हाकेला १२ मिलिसेकंद, फिरत्या डिस्कला साजेसं. पहाटे ५:२९ पर्यंत तेच. साडेपाचला एकदम ७००, ८००, ९००. सात-साडेसातनंतर हळूहळू उतार.

आमच्या साइटवर वहीचं एक पान उघडायला चाळीसएक वेळा डिस्कला हात लावावा लागतो. १२ मिलिसेकंदाने अर्धा सेकंद. ८०० मिलिसेकंदाने बत्तीस सेकंद. आत्याचं "अर्धं मिनिट" मला तेव्हा पोरकटपणाचं वाटलं होतं. बाईने बरोब्बर मोजलं होतं. गणिताच्या मास्तरांची मुलगी!

पण रोज काट्यावर साडेपाचच का? ट्यूब पेटायला लाज वाटावी इतका वेळ लागला. सर्व्हरचं घड्याळ भारताचं नसतं, जागतिक वेळेवर असतं. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच म्हणजे सर्व्हरचे रात्रीचे बारा. आणि रात्री बाराला काय असतं? बॅकअप. कोणाचा? इथे मी यादी उघडली आणि गप्प बसले. पहिली ओळ माझीच होती.

मीच कधीतरी लिहून ठेवलेलं होतं, रोज रात्री बारा वाजता ४५ जीबीच्या सगळ्या वह्यांचा एक गठ्ठा बांधायचा, त्याच डिस्कवर ठेवायचा, मग बाहेर पाठवायचा. म्हणजे त्याच नळातून पाणी काढायचं आणि त्याच रांगेत उभं राहून परत ओतायचं. २०१७ साली स्कॅन केलेल्या वह्या, ज्यात एक अक्षर बदलत नाही, त्या रोज नव्याने! रात्री बारा म्हणजे सगळे झोपलेले असतात असा माझा भाबडा हिशोब. कोणाचे बारा, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

लगोलग तो बॅकअप बंद केला आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा मोजलं. आता साडेपाचला २५० ते ३००. म्हणजे मोठा वाटा माझा स्वतःचाच होता. पण १२ आणि ३०० यात अजून पंचवीसपट फरक होता, त्याचं काय? इथे 'व्हीएमस्टॅट' आणि 'आयोस्टॅट' कामी आले. मेमरी अपुरी पडली की यंत्रणा डिस्कलाच मेमरी म्हणून वापरू लागते आणि आपल्याला डिस्क मंद वाटते. व्हीएमस्टॅटचे ते दोन रकाने, 'एसआय' आणि 'एसओ', शून्यावर होते, तेव्हा तो संशय गेला. मग आयोस्टॅटमध्ये पाहिलं की माझ्याकडून डिस्ककडे किती मागण्या जातात. सेकंदाला जेमतेम पाच-सहा. आणि 'अवेट', म्हणजे एका मागणीचा ताटकळण्याचा वेळ, ३०० च्या घरात. मी दारात एक तांब्या घेऊन उभी, आणि तरी एवढी रांग. म्हणजे रांग माझी नव्हे. आता मात्र शेजारी म्हणायचा मला अधिकार होता.

हा क्रम महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. आधी आपली चूल, मग आपली मोरी, मग शेजारी. उलट्या क्रमाने गेलो तर भांडण होतं, उत्तर मिळत नाही.

चार दिवसांची ती फाइल, बॅकअप चालू असतानाचे आणि बंद केल्यानंतरचे आकडे, माझ्या मागण्यांची संख्या, सगळं जोडून कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. या वेळी त्यात एकही विशेषण नव्हतं. संध्याकाळी उत्तर आलं. त्या मशीनवर त्या वेळेला ताण येतो हे त्यांनी मान्य केलं आणि माझा सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवून दिला. आता पहाटे साडेपाचला १२ ते १५ मिलिसेकंद. पान अर्ध्या-पाऊण सेकंदात.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण बॅकअपची ती ओळ दुरुस्त करताना मी सहज शेवटचा गठ्ठा उघडून पाहिला. अर्धवट. त्याआधीचा? तोही अर्धवट. झालं होतं असं की डिस्क इतकी मंदावली की एक बॅकअप पुरा व्हायला चोवीस तासांहून जास्त लागायला लागले. तो संपायच्या आत दुसरा सुरू होई आणि त्याच नावाच्या फाइलवर लिहू लागे. पहिला चालू असेल तर दुसऱ्याने थांबावं, एवढं साधं कुलूप मी घातलं नव्हतं. परिणामी चार महिने बाहेर एकही धड प्रत गेलेली नव्हती. नानांच्या ४१ वह्या, पूर पाहिलेल्या, चार महिने एका स्वस्त मशीनवरच्या डिस्कच्या भरवशावर. चुलतभावाच्या जुन्या पोर्टेबल डिस्कवर मूळ स्कॅन असतील असं आम्ही धरून चाललो होतो. ती डिस्क शोधली, तर चालूच होईना.

आत्याने तक्रार केली नसती तर हे मला कधी कळलं असतं? आणि तिची पहिली तक्रार मी उडवून लावली होती. तिने हार मानून गप्प बसायचं ठरवल्यावर तर शेवटची धोक्याची घंटाही बंद झाली होती. मला हायसं वाटलं होतं ते तेव्हा.

तर आता माझं मत, ज्यासाठी एवढं पुराण लावलं.

एक. "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय" हे उत्तर नाही. सामायिक गोष्टीत तर नाहीच नाही, कारण तिथे 'माझ्याकडे' आणि 'तुझ्याकडे' यात जागेचा नसला तरी वेळेचा फरक असतो. साडेपाचचं पाणी नऊला तपासता येत नाही. आपण संगणक जाणणारी मंडळी हे वाक्य आईवडिलांना, आत्या-मावश्यांना सर्रास ऐकवतो आणि ते आपल्यावर विश्वास ठेवतात, म्हणून स्वतःवर संशय घेतात. मला याचा दोष डिस्कच्या दोषापेक्षा मोठा वाटतो.

दोन. भाड्याने देणाऱ्यांनी नळाचं माप सांगावं. सर्व्हरच्या जाहिराती पाहा. प्रोसेसर किती, मेमरी किती, जागा किती जीबी, सगळं ठळक. डिस्क सेकंदाला किती मागण्या पुऱ्या करील? स्वस्त प्लॅनमध्ये त्याची ओळच नसते. जीबी म्हणजे टाकी, नळ नव्हे. खोली किती चौरस फूट ते सांगायचं आणि पाणी किती वेळ येतं ते सांगायचं नाही, असा हा व्यवहार आहे.

यावर माझा एक मित्र म्हणाला, "एवढ्या पैशांत आणखी काय पाहिजे तुला?" मुद्दा खोटा नाही. वाटून घेतो म्हणूनच स्वस्त मिळतं. सगळ्यांना एकाच वेळी सगळं लागत नाही या भरवशावर हा धंदा उभा आहे आणि त्या भरवशाचा फायदा मलाही मिळतो. स्वस्त द्या, कमी द्या, काही म्हणणं नाही. पण किती कमी ते लिहा. आणि हे अशक्य आहे असंही नाही. ॲमेझॉनच्या जीपी२ नावाच्या डिस्कला प्रत्येक जीबीमागे सेकंदाला ३ मागण्या, कमीतकमी १००, असा हिशोब उघड लिहिलेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी३ ला आकारमान काही असो, ३,००० चा पाया आहे. माप कमी असो की जास्त, ते लिहिलेलं असलं की भांडण राहत नाही. घेणारा आपली बादली त्याप्रमाणे आणतो.

तीन, आणि हे आपल्या अनुदिनीकार मंडळींसाठी, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे असे सर्व्हर आहेत. जरा आपलीही ओळ तपासा. रात्री बाराच्या ठोक्याला काम लावायची सवय सगळ्यांनाच असते. डेबियनमध्ये रोजची कामं मुळात ६:२५ अशा आडवेळेला ठेवलेली असतात, पण एकाच मशीनवरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी तीच आडवेळ जशीच्या तशी ठेवली तर ती आडवेळ कसली? रेड हॅटच्या वळणाच्या प्रणालींत म्हणूनच रोजच्या कामांना ४५ मिनिटांपर्यंतचा वेडावाकडा उशीर आपोआप लावलेला असतो. शहाणपणाची गोष्ट आहे. माझा बॅकअप आता सर्व्हरच्या घड्याळाने २० वाजून ३७ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे रात्री दोन वाजून सात मिनिटांनी चालतो. फक्त बदललेलंच उचलतो, मंद वेगाने उचलतो, आधीचा चालू असेल तर थांबतो, आणि संपल्यावर मला पत्र पाठवतो. पत्र आलं नाही तर ती बातमी. महिन्यातून एकदा एक वही त्या प्रतीतून परत काढून बघते. शिवाय एक प्रत वहिनीकडे सांगलीत, वरच्या मजल्यावर! :)

एका गोष्टीची मात्र रुखरुख राहिली. मला दुसऱ्या मशीनवर हलवलं, माझं भागलं. पण इतके महिने त्या जुन्या मशीनवर रोज साडेपाचला ४५ जीबी खेचणारं हावरट बिऱ्हाड कोण होतं? मीच की. तिथे कोणाचं तरी छोटं दुकान असेल, कोणाची शाळेची साइट असेल, कोणाची तरी आत्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली असेल आणि तिचा भाचा तिला म्हणत असेल, "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय." त्यांना मी कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही. माफी मागायला पत्ताही नाही. मिनिट बदलता येतं, तेवढं बदललं.

सर्व्हर हलवला त्या रविवारी सांगलीला गेले. आत्याला सगळं सांगितलं. रकाने वगैरे नाही, नळाचं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही गं. माझं चुकत होतं."

"तरी मी म्हणत होते," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले. साडेपाचला तिने टॅब्लेट उघडला. पान लगेच आलं. नानांचं बारीक, तिरकं अक्षर. पाणी कितव्या पायरीला, किती वाजता. आत्या वाचत होती, मी घड्याळाकडे बघत होते. सवय!

असो. खूप लांबलं. तुमच्या सर्व्हरवरची बाराची ओळ आज बघून घ्या, आणि घरात कोणी "उघडत नाहीये" म्हणालं, तर आधी विचारा, "किती वाजता?"